बाबासाहेबांचे कॅम्पस

बारावीचा निकाल लागला की सोलापुरात घरोघरी दोनच प्रश्न. किती पडले? आणि पुढं कुठं? पहिल्याचं उत्तर वेबसाइट देते. दुसऱ्याचं उत्तर द्यायला मावशी, काका, क्लासवाले सर आणि पुण्यात शिकणारा शेजारचा दादा असे सगळे हजर असतात. त्यांच्या बोलण्यात कॉलेजचं नाव असतं, कटऑफ असतो, रँकिंग असतं, पॅकेज असतं. पण त्या कॅम्पसवर आपल्याला तीन-चार वर्षं राहायचंय, जेवायचंय, भांडायचंय, शिकायचंय, याचा हिशेब कुणी मांडत नाही. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाऊन, दोन कॉलेजं बघून रात्री परत येणारे आपण तरी काय बघतो? गेट, बिल्डिंग आणि कॅन्टीन. फार तर एखादा सेल्फी.

कॅम्पस आपल्याला मानवणार की नाही, हे ओळखायचं कशावरून? या प्रश्नासाठी एका विद्यार्थ्याचं आयुष्य उलगडून बघण्यासारखं आहे. हा विद्यार्थी मुंबईत शिकला, न्यूयॉर्कला शिकला, लंडनला शिकला. पुढं प्राध्यापक झाला, प्राचार्य झाला आणि शेवटी त्यानं स्वतःच कॉलेजं काढली. वर्गाबाहेर बसवलेला मुलगा ते कॅम्पसचा आराखडा ठरवणारा संस्थापक, इतका लांबचा प्रवास केलेला दुसरा माणूस महाराष्ट्रात शोधायला वेळ लागेल. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. १४ एप्रिलला आपल्या शहरातल्या मिरवणुकांमध्ये त्यांचा फोटो सगळीकडे असतो. त्यांची घटना माहीत असते, चवदार तळं माहीत असतं. हॉस्टेलच्या जेवणाला कंटाळलेले बाबासाहेब मात्र आपल्याला फारसे कुणी सांगितलेले नसतात.

जन्म १८९१ चा, महूचा. वडील रामजी सुभेदार लष्करात होते, निवृत्तीनंतर कुटुंब साताऱ्यात आलं. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी भीमरावांचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये दाखल झालं. महाराष्ट्रात हाच दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. त्या दिवशी कॉलेजात भाषणं होतात, ती तुम्ही ऐकली असतील. शाळेचा अनुभव मात्र भाषणात घालायला अवघड आहे. बसायला घरून गोणपाट आणायचा आणि शाळा सुटली की परत घेऊन जायचा. तहान लागली तर स्वतः नळाला हात लावायचा नाही. शिपायानं वरून पाणी ओतलं तर प्यायचं. शिपाई जागेवर नसला तर त्या दिवशी पाणीच नाही.

आता याच शाळेची पाटी वाचा. सरकारी शाळा. फी भरली, नाव दाखल झालं, हजेरीत नाव आलं. कागदावर प्रवेश पूर्ण. प्रवेश मिळणं आणि आत घेतलं जाणं यातला फरक भीमरावांना वयाच्या नवव्या वर्षापासून माहीत होता.

पुढं कुटुंब मुंबईला, परळ भागातल्या चाळीत आलं आणि भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गेले. शहर मोठं, शाळा नावाजलेली. तिथं एकदा मास्तरांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावलं, तर फळ्यामागं ठेवलेले डबे बाटतील म्हणून मुलं धावत जाऊन आपापले डबे उचलू लागली. संस्कृत शिकायचं होतं, ते शिकू दिलं नाही. मग फारसी घेतली. संस्कृत त्यांनी पुढं स्वतःच्या जिद्दीवर शिकून घेतलं, पण शाळेनं त्यांच्यासाठी तो दरवाजा बंदच ठेवला होता. आपल्याकडं कॉलेजच्या माहितीपत्रकात विषयांची लांबलचक यादी असते. त्यातला कुठला विषय कुणाला खरोखर घेता येतो, हे माहितीपत्रकात नसतं. आजही अमुक ग्रुप तुला झेपणार नाही, तू सोपं काहीतरी घे, असं पहिल्याच दिवशी काउंटरवर ऐकून परतलेली मुलं-मुली तुमच्या ओळखीत असतीलच.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्या काळात त्यांच्या समाजातल्या मुलानं मॅट्रिक होणं ही मोठी गोष्ट होती, सत्काराची सभा भरली. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. केळुसकरांची ओळख शाळेतली नव्हती. भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचे, गुरुजीही तिथं यायचे, तिथं ती ओळख झाली. वर्गात जे मिळालं नाही ते बागेतल्या बाकावर मिळालं. याच केळुसकरांनी पुढं महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्यापर्यंत शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. ती नसती तर गोष्ट मॅट्रिकवरच थांबली असती.

एल्फिन्स्टन कॉलेज म्हणजे मुंबईतलं सगळ्यात दबदब्याचं नाव. दादाभाई नौरोजी, न्यायमूर्ती रानडे, रा. गो. भांडारकर ही सगळी एल्फिन्स्टनची परंपरा. आजच्या भाषेत टॉप रँक. या टॉप रँक कॉलेजच्या हॉटेलवाल्यानं भीमरावांना चहा दिला नाही, पाणीही दिलं नाही. पण याच कॉलेजात प्रोफेसर म्युलर होते, त्यांनी भीमरावांना पुस्तकं दिली, कपडेही दिले. फारसीचे प्रोफेसर इराणी यांनाही या विद्यार्थ्याचं कौतुक होतं.

मग एल्फिन्स्टनचं कॅम्पस कल्चर चांगलं म्हणायचं की वाईट? मला वाटतं, हा प्रश्नच चुकीचा ठरतो. कॅम्पस म्हणजे एकच एक काही नसतं. स्टाफरूम वेगळी असते, कॅन्टीन वेगळं असतं, हॉस्टेल आणखी वेगळं. एखादे सर जीव लावतात आणि त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर कुणीतरी आपल्याला माणसात धरत नाही. कॉलेज बघायला गेल्यावर आपण बहुतेक वेळा फक्त ऑफिस आणि प्राचार्यांची केबिन बघून येतो. चहावाल्याकडं अर्धा तास बसलो तर वेगळंच कॉलेज दिसेल.

१९१२ मध्ये बी.ए. झालं. फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील गेले. त्यानंतर काही महिन्यांतच सयाजीरावांनी परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देऊ केली. तीन वर्षं, महिना साडेअकरा पौंड, आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची असा करार. विद्यापीठ ठरलेलं होतं, न्यूयॉर्कचं कोलंबिया. म्हणजे आपण ज्याला कॉलेज निवडणं म्हणतो ते भीमरावांनी केलंच नाही. ब्रोशर बघितलं नाही, तुलना केली नाही. पैसे देणाऱ्यानं जिथं पाठवलं तिथं गेले. आपल्यातल्या निम्म्या लोकांची परिस्थिती हीच असते, नाही का? घरच्यांचं बजेट, आरक्षणाची यादी, बहिणीच्या लग्नाचं कर्ज, जिथं नंबर लागला ते कॉलेज. त्यामुळं यापुढचा भाग जास्त कामाचा आहे. निवड हातात नसताना त्यांनी कॅम्पसवर स्वतःची जागा कशी शोधली?

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. वय २२. (हे वाक्य लिहिताना मला माझं वय आठवलं, असो.) पहिली खोली मिळाली हार्टली हॉल या वसतिगृहात. तिथं ते जेमतेम आठवडाभर टिकले. कारण काय, तर जेवण. ते जेवण त्यांना जाईना. मग ते कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये राहायला गेले. तिथं काही भारतीय विद्यार्थी होते. त्यानंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये आले आणि तिथं त्यांना रूममेट मिळाला नवल भथेना. भथेना पारशी. ही मैत्री आयुष्यभर टिकली.

पुण्याच्या मेसमधलं पहिल्या आठवड्यातलं जेवण आठवून ज्यांना घरची शेंगाचटणी आणि कडक भाकरी आठवली असेल, त्यांनी यात लाज वाटून घ्यायचं कारण नाही. आमच्यात असं बोलायची पद्धत आहे की खाण्यापिण्यावरून कॉलेज बदलणारा तो मुलगा सिरियस नाही. पण बघा, भीमरावांनी कॉलेज बदललं नाही, खोली बदलली. एकदा नव्हे, दोनदा. विद्यापीठ तेच, शिष्यवृत्ती तीच. आवारात किंवा आसपास आपल्याला जगता येईल असा कोपरा सापडेपर्यंत ते थांबले नाहीत. आणि त्यांनी हे सगळं सुरुवातीच्या काळातच उरकलं, कुढत वर्ष काढलं नाही.

कोलंबियात जे वेगळं होतं ते साधं होतं. एका टेबलावर इतरांबरोबर बसून जेवता येत होतं. नळाचं पाणी पिता येत होतं. लायब्ररीत हवं त्या खुर्चीवर बसता येत होतं. बावीस वर्षं ज्या गोष्टी मागाव्या लागल्या होत्या त्या इथं कुणी दिल्या नाहीत, त्या होत्याच. या मोकळेपणाचा उपयोग त्यांनी कसा केला, त्याची नोंद त्यांनी घेतलेल्या विषयांत आहे. तीन वर्षांत अर्थशास्त्राचे २९ कोर्स, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि वर फ्रेंच आणि जर्मनचा एकेक. मुंबईत ज्याला एक संस्कृत घेऊ दिलं नव्हतं, त्यानं इथं ताट भरून वाढून घेतलं.

शिक्षकही तसेच भेटले. अर्थशास्त्राचे एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञानाचे जॉन ड्यूई, इतिहासाचे जेम्स हार्वे रॉबिन्सन आणि जेम्स शॉटवेल. यातल्या सेलिग्मन यांच्याशी पुढंही पत्रव्यवहार राहिला. ड्यूई यांचा लोकशाहीविषयीचा विचार तर बाबासाहेबांच्या लिखाणात शेवटपर्यंत दिसतो. लोकशाही ही मतपेटीच्याही आधी एकत्र जगण्याची रीत असते, ही ती दृष्टी. ती त्यांनी ज्या वर्गात ऐकली तिथं ते स्वतः पहिल्यांदा तसं जगत होते.

९ मे १९१६ चा दिवस. मानववंशशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये भीमरावांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जात कशी निर्माण झाली, कशी टिकली, कशी पसरली. वय २५. पुढच्या वर्षी तो इंडियन अँटिक्वरी या नियतकालिकात छापून आला. साताऱ्याच्या वर्गात जी जात त्यांना गोणपाटावर बसवत होती, ती या खोलीत टेबलावर मांडून तपासायचा विषय झाली होती. मांडणारे ते स्वतः होते आणि ऐकणारे प्रश्न विचारत होते. एखाद्या विद्यापीठात आपण जिथून आलो त्याबद्दल बोलता येतं का, की ते लपवावं लागतं? मला विचाराल तर कॉलेज पारखायची यापेक्षा चांगली कसोटी नाही. आपल्या सोलापुरात घरी तेलुगू, गल्लीत कन्नड किंवा उर्दू आणि शाळेत मराठी बोलणारी कितीतरी मुलं आहेत. इंग्रजी कॅम्पसवर गेल्यावर यातली किती भाषा दारातच काढून ठेवावी लागते, ते एकदा तिथल्या सेकंड इयरच्या मुलांना विचारून बघा.

कॅम्पसवर राजकारणही होतं. लाला लजपतराय त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये होते, भारतीय विद्यार्थ्यांना चळवळीत ओढत होते. भीमरावांनाही त्यांनी गाठलं. भीमरावांनी नम्रपणे नकार दिला. शिष्यवृत्तीचे दिवस मोजके होते, गायकवाडांना शब्द दिलेला होता, आधी अभ्यास. उरलेला वेळ जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जायचा. सुमारे दोन हजार पुस्तकं त्यांनी न्यूयॉर्कमध्ये जमवली, पोटाला चिमटा काढून. पुढं महायुद्धाच्या काळात सामानाचं जहाज बुडालं आणि त्यात त्यांचा मोठा ठेवा गेला.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर कोलंबिया म्हणजे स्वर्ग असं वाटायचं. भीमराव तिथून गेल्यावर आठ वर्षांनी, १९२४ मध्ये, फ्रेडरिक वेल्स नावाचा कृष्णवर्णीय विद्यार्थी त्याच विद्यापीठाच्या फर्नाल्ड हॉल या वसतिगृहात राहायला आला. त्यानं तिथून निघून जावं म्हणून गोऱ्या विद्यार्थ्यांनी गलका केला, आणि आवारात रात्री क्रॉस पेटवण्यात आला. अमेरिकेत त्याचा अर्थ धमकी. विद्यापीठ तेच, हार्टली हॉलही तिथून लांब नाही. एकाला ज्या कॅम्पसनं माणूस म्हणून वागवलं, त्याच कॅम्पसनं दुसऱ्याला हाकलायचा प्रयत्न केला. म्हणून एखाद्या दादानं एखाद्या कॉलेजचं तोंड भरून कौतुक केलं तर तो दादा कोण, कुठल्या घरातला, कुठल्या माध्यमातला, मुलगा की मुलगी, हेही बघावं लागतं. मुलीसाठी हॉस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं, हे दादाला माहीतच नसतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा प्रश्न बाबासाहेबांच्या डोळ्यांसमोर होता. १९४६ मध्ये त्यांनी तिथले विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या प्रश्नांतलं साम्य नोंदवलं.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं, बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इनमध्येही. पण शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ मध्ये परत यावं लागलं. कराराप्रमाणे बडोद्याला हजर झाले. कोलंबियात शिकलेला हा अधिकारी बडोद्यात राहायला खोली शोधत फिरत होता आणि खोली कुणी देत नव्हतं. पारशी धर्मशाळेत ओळख लपवून राहिले, तिथून लाठ्या घेऊन आलेल्या जमावानं बाहेर काढलं. ऑफिसात शिपाई लांबून फाइल टाकायचे. पाणी नाही. पदवीचं नाव कितीही मोठं असो, बडोद्याच्या दारावर त्याची किंमत शून्य होती.

मग नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून नोकरी. इथंही माठ आडवा आला. स्टाफरूममधल्या माठातलं पाणी त्यांनी पिण्यावर काही सहकारी प्राध्यापकांनी हरकत घेतली. हे प्राध्यापक शिकलेले होते, इंग्रजीत लेक्चर द्यायचे. विद्यार्थ्यांनी मात्र सरांना उचलून धरलं, त्यांच्या तासाला दुसऱ्या कॉलेजची मुलंही येऊन बसायची. कॅम्पसवर शिक्षक एकमेकांशी कसे वागतात हे आपण कधी बघतच नाही. खरंतर ते लपत नाही. कॉरिडॉरमध्ये दहा मिनिटं उभं राहिलं तरी कळतं.

पगारातून पै-पै वाचवून, छत्रपती शाहू महाराजांची मदत घेऊन आणि भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये उसने घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. लिव्हिंग्स्टन हॉलमधला रूममेट सात वर्षांनी असा उपयोगी पडला. (प्लेसमेंट सेलच्या आकडेवारीत हे येत नाही.)

या वेळचं लंडन आणि त्या वेळचं न्यूयॉर्क यात जमीन-अस्मानाचा फरक. इथं कॅम्पस लाइफ असं काही त्यांनी जगलंच नाही. वय २९. घरी मुंबईत रमाबाई संसार ओढत होत्या, पैशाची तंगी, मुलांची आजारपणं. सकाळी उठून ब्रिटिश म्युझियमची लायब्ररी गाठायची, ती बंद होईपर्यंत बसायचं. दुपारच्या जेवणाला फाटा. रात्री भूक लागली की ओळखीच्या माणसानं दिलेले पापड भाजून खायचे आणि पुन्हा वाचत बसायचं. मित्र, क्लब, गप्पा यांच्यासाठी वेळही नव्हता आणि पैसेही नव्हते. तरीही ती जागा त्यांना मानवली, कारण या खेपेला त्यांना फक्त ग्रंथालय, मार्गदर्शक आणि पदवी हवी होती. बाविसाव्या वर्षी जे लागतं ते एकोणतिसाव्या वर्षी लागतंच असं नाही. ग्रॅज्युएशनला रमवणारं कॉलेज पीएचडीला कंटाळवाणं वाटू शकतं, आणि उलटही.

१९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव घातलं होतं, पण तिथला मुक्काम थोडाच ठरला. डी.एस्सी.चा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांना पहिल्या झटक्यात मानवला नाही, फेरमांडणी करावी लागली. पैसे संपल्यामुळं ते भारतात परतले, इथूनच दुरुस्त प्रबंध पाठवला आणि १९२३ अखेर पदवी मिळाली. मार्गदर्शक एडविन कॅनन यांना प्रबंधातली बरीच मतं पटलेली नव्हती. तरी पुस्तक छापलं गेलं तेव्हा प्रस्तावना त्यांनीच लिहिली, आणि मतभेद प्रस्तावनेतच नोंदवले. आपल्याशी न पटणाऱ्या विद्यार्थ्याच्या पाठीशी उभा राहणारा गाइड. तुमच्या डिपार्टमेंटमध्ये असा कुणी असेल तर त्यांना जपा.

आता आपल्या सोलापूरकडं येऊ. २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेला शिक्षणासाठी काम करायचं होतं. सुरुवात कशानं केली? शाळा काढली नाही, कॉलेज तर लांबच. ४ जानेवारी १९२५ पासून सोलापुरात वसतिगृह सुरू केलं, हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या अस्पृश्य मुलांसाठी. राहणं, जेवण, कपडे, वह्या-पुस्तकं यांची सोय सभेनं बघितली. सोलापूर नगरपालिकेनं महिना ४० रुपयांचं अनुदान दिलं.

बाबासाहेबांनी याच गोष्टीला आधी हात का घातला, ते त्यांच्या तोवरच्या आयुष्यावरून समजतं. सोलापुरात हायस्कूल होतं. सरकारी नियमानं प्रवेशही होता. पण मंगळवेढ्याहून, मोहोळहून, बार्शीकडच्या खेड्यातून येणाऱ्या मुलानं रात्री झोपायचं कुठं? त्याला खोली कोण देणार? जेवायला कोण वाढणार? बडोद्याच्या रस्त्यावर सामान घेऊन उभा राहिलेला माणूसच ही अडचण सगळ्यात आधी ओळखू शकतो. वर्गातली जागा मिळूनही मुलगा गळतो तो राहण्या-खाण्याच्या प्रश्नावर. शंभर वर्षं झाली. आज पुण्यात रूम शोधताना ब्रोकर आधी आडनाव विचारतो, मग नॉनव्हेज खाता का विचारतो, मग भाडं सांगतो. हा अनुभव आपल्यातल्या अनेकांना आहे, फक्त तो कुठल्या रँकिंगमध्ये मोजला जात नाही. कॉलेजचा फॉर्म भरायच्या आधी हॉस्टेलमध्ये किती जागा आहेत, त्या कुणाला मिळतात, सामाजिक न्याय विभागाचं वसतिगृह किती लांब आहे, शिष्यवृत्तीचे पैसे खात्यावर यायला साधारण किती महिने लागतात, हे विचारा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांनुसार कॉलेजात समान संधी कक्ष असायला हवा. तो कुठल्या खोलीत आहे ते ऑफिसमध्ये विचारा. क्लार्कला सांगता आलं नाही, तर तेही एक उत्तरच आहे.

१९२७ मध्ये कोलंबियानं पीएच.डी. दिली. त्यानंतरची वर्षं महाडची, नाशिकची, गोलमेज परिषदेची, ती आपल्याला पाठ आहेत. मध्ये १९३५ पासून तीन वर्षं ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. ज्या शहरातल्या कॉलेज हॉटेलात चहा मिळाला नव्हता, त्याच शहरात.

८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि २० जून १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. पहिले वर्ग लष्करी बराकींत भरले. कॉलेज सकाळचं ठेवलं, म्हणजे नोकरी करणाऱ्या मुलांना तास करून कामावर जाता यावं. आज आपण फ्लेक्सिबल टायमिंग म्हणतो ते हेच. ग्रंथालयावर त्यांनी जीव टाकला. विद्यार्थ्यांची पार्लमेंट भरायची, बिलं मांडली जायची, वाद व्हायचे, आणि संस्थापक स्वतः तिथं येऊन बोलायचे. हिंदू कोड बिलाचा देशभर वाद चालू असताना कायदामंत्री कॉलेजच्या मुलांपुढं त्यावर बोलले आहेत. कॉलेज फक्त एका समाजासाठी ठेवलं नाही. विद्यार्थी आणि शिक्षक सगळ्या जातींचे, धर्मांचे. वेगळं बसवण्याचा त्रास ज्यानं भोगला त्यानं वेगळं कॉलेज काढून सूड घेतला नाही.

पुढं १९५० मध्ये औरंगाबाद. मराठवाडा नुकताच निजामाच्या राजवटीतून बाहेर आलेला. पदवीपर्यंत शिकायचं तर बहुतेकांना हैदराबाद गाठावं लागे, गरिबाच्या मुलाला ते शक्यच नव्हतं. बाबासाहेबांनी शहराबाहेरच्या मोकळ्या जागेवर कॉलेज उभं करायला घेतलं आणि परिसराला नाव दिलं नागसेनवन. दिल्लीचं काम सांभाळून ते बांधकामात लक्ष घालत. वर्गांबरोबर वसतिगृहं उभी राहिली, आता कारण सांगायला नको. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. कॉलेजला पुढं मिलिंद हे नाव मिळालं. मिलिंद हा ग्रीक राजा, वादात कुणाला हार न जाणारा. भिक्खू नागसेनाशी त्याचा वाद झाला, उत्तरं पटली आणि त्यानं हार मान्य केली. विद्यार्थ्यानं जोरात वाद घालावा आणि पटलं तर कबूल करावं, हे त्या नावातच आहे. कॉलेजला देणगीदाराचं नाव देण्याचा रिवाज असलेल्या राज्यात हे जरा वेगळंच.

जून १९५२ मध्ये कोलंबियानं त्यांना मानद डॉक्टरेट दिली आणि ते ३६ वर्षांनी त्या आवारात परत उभे राहिले. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं.

नागसेनवनातलं कॅम्पस कल्चर मात्र पुढं वाढतच गेलं. मिलिंदचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांचं युगयात्रा हे नाटक कॉलेजच्या मुलांनी बाबासाहेबांच्या हयातीतच केलं होतं. दलित रंगभूमीचा इतिहास सांगताना त्याचं नाव पहिल्यांदा घेतात. अमेरिकेत शिकून आलेले डॉ. म. ना. वानखेडे तिथं प्राचार्य झाले आणि कृष्णवर्णीय अमेरिकन लेखक काय लिहितात याची चर्चा औरंगाबादच्या मुलांत सुरू झाली. गंगाधर पानतावणे याच कॉलेजात शिकवायला लागले, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी अस्मितादर्श हे नियतकालिक चालवायला घेतलं. खेड्यातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुलं त्यात आपल्या घराबद्दल, गल्लीबद्दल, आईच्या कामाबद्दल लिहू लागली.